पिंपरीच्या वाचकांचा वामन

मराठी शिकविणाऱ्या माणसाला लग्नकार्यात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर हटकून एक प्रश्न विचारला जातो : "हल्ली मराठी पुस्तके वाचतो कोण?" विचारणाराला उत्तर नको असते. एक सुस्कारा टाकून तो मोकळा होतो, आणि आपणही एक सुस्कारा टाकून त्याला साथ द्यावी एवढीच त्याची अपेक्षा असते. त्यातून आपण पिंपरीला राहत असलो तर विचारूच नका. पुण्याच्या पेठांतल्या माणसाच्या लेखी पिंपरी म्हणजे कारखान्यांचे गाव. तिथे औषधे होतात, मोटारी होतात, नटबोल्ट होतात. वाचक कुठला व्हायला? २०१६ च्या जानेवारीत ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच पिंपरी-चिंचवडला भरले, तेव्हाही "तिथे? आणि साहित्य संमेलन?" असे म्हणून नाक मुरडणारी मंडळी मला भेटली होती.

त्या मंडळींना उत्तर द्यावे म्हणून मी हा लेख लिहीत नाही. एका पुस्तकाची हकीकत सांगावी म्हणून लिहिते आहे. पुस्तक पुष्कळांच्या ओळखीचे आहे : जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' ही १९८६ साली प्रसिद्ध झालेली विज्ञानकादंबरी. हे पुस्तक आमच्याकडे काही माणसांनी एकाच महिन्यात वाचले, आणि प्रत्येकाने निराळेच वाचले. इतके निराळे, की बांधणावळीत पानांची अदलाबदल झाली की काय अशी शंका यावी!

झाले असे. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. आमच्या भागातल्या एका लहानशा वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी पंधरा-वीस माणसे जमतात आणि एखाद्या पुस्तकावर बोलतात. चहा-बिस्किटे वाचनालयाची, मते ज्याची त्याची. जूनच्या बैठकीला नारळीकरांचे पुस्तक घ्यावे असे ठरले, आणि मराठीची म्हणून प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडले.

दोन जुने प्रश्न

प्रास्ताविकात मी सांगितले ते थोडक्यात असे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या एका कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण याचा शोध लागला तेव्हा कळले की, जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवली की हे गृहस्थ जन्माला येतात. जगभर नावाजलेल्या शास्त्रज्ञाला आपल्या नावाच्या वजनाने बक्षीस नको होते. पुढल्याच वर्षी, १९७५ च्या कराडच्या संमेलनात, दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या वाटेची दखल घेतली. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. आणि २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच गेले. कराडपासून नाशिकपर्यंत ४६ वर्षे लागली. पण मराठी सारस्वताने विज्ञानकथेला ओसरीवरून माजघरात घेतले.

तरीसुद्धा विज्ञानकथेविषयी आपले टीकाकार दोनच प्रश्न विचारीत आले आहेत. पहिला, यातले विज्ञान बरोबर आहे का? दुसरा, हे ललित वाङ्मय आहे का? शास्त्राचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, वाङ्मयाचा माणूस दुसरा. आमच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांतही 'विज्ञानकथेची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा' याच्या पलीकडे फारसे काही नसते. माझे स्वतःचे मत दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूला झुकणारे. नारळीकरांची भाषा स्वच्छ, सरळ, नळाच्या पाण्यासारखी. पात्रे मात्र कित्येकदा वर्गात उत्तर द्यायला उभी राहिल्यासारखी बोलतात. पण रहस्य कसे बांधावे आणि कल्पनेला कुठपर्यंत दोर द्यावा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कादंबरीचा सांगाडा, ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी, एवढाच : पदार्थविज्ञानाच्या एका मोठ्या प्रयोगासाठी जमीन खणली जात असताना जमिनीखाली एक गूढ पेटी सापडते. ती आपल्या ज्ञात इतिहासातली नाही. एक पदार्थवैज्ञानिक, एक पुराणवस्तुसंशोधक आणि एक संगणकतज्ज्ञ असे तिघे तिच्यातल्या ज्ञानाचा उलगडा करू लागतात. त्या ज्ञानाच्या आधारे आधी एक विलक्षण संगणक तयार होतो, आणि मग एक यंत्रमानव. त्याचे नाव वामन. हा वामन त्याला घडविणाऱ्यांहून हुशार निघतो, आणि त्याला एक इच्छा असते : आपल्यासारखे आणखी व्हावेत. त्याच्याभोवती सत्तेची आणि पैशाची हाव असलेली माणसेही जमू लागतात. आणि मागे एक प्रश्न सारखा घोटाळत राहतो : ज्यांनी ही पेटी पुरून ठेवली, ते एवढे ज्ञानी लोक नष्ट कशाने झाले? उत्तर मी सांगत नाही. रहस्य फोडणाऱ्या पाहुण्याला कुठल्याच घरात दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.

देवाचे नाव यंत्राला?

चर्चेची सुरुवात एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी केली. त्यांनी पुस्तक पेन्सिल घेऊन वाचले होते. दोन ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह होते. तिसऱ्या ठिकाणचे प्रश्नचिन्ह मागून नारळीकरांची बाजू पटल्यामुळे त्यांनी स्वतःच खोडले होते. त्यांनी कादंबरीला शंभरांपैकी बहात्तर गुण दिले आणि चहाकडे वळले. पहिला जुना प्रश्न असा दहा मिनिटांत निकालात निघाला.

मग बोलल्या आमच्या आजी. वय ८१. पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षिका. आता सकाळी पोथी आणि दुपारी वाचनालय. त्यांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला आणि म्हणाल्या, "गोष्ट चांगली आहे. पण बाई, देवाचे नाव का दिले यंत्राला? वामन हा पाचवा अवतार. तो बळीचा गर्व हरण करायला आला. आणि इथे गर्व झालाय तो वामनालाच! हे उलटे नाही का झाले?"

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी मागच्या खुर्चीवर बसला होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्रपाळीला एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो आणि सकाळी पहिल्या तासाला जागे राहण्याची शिकस्त करतो. त्याचे घराणे मूळचे इथलेच, शेतकऱ्याचे. तो एकदम म्हणाला, "आजी, उलटे नाही झाले. पहिल्यांदाच सुलटे झाले."

क्षणभर कोणी बोलेना. मग त्याने आपले म्हणणे सांगितले. त्याच्या घरी महात्मा फुल्यांचे पुस्तक वाचले जाते. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा मानले आणि वामनाला कपटाने राज्य घेणारा परका. खंडोबा, जोतिबा हे त्याच बळीचे अधिकारी, असा त्यांनी अर्थ लावला. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आयाबहिणी ओवाळताना इडापिडा टळून बळीचे राज्य येण्याचे मागणे मागतात. वामनाचे राज्य कोणी मागत नाही, हेही त्यांनीच दाखवून दिले. तेव्हा या पोराच्या दृष्टीने कादंबरीचे नाव अगदी चपखल होते. आकाराने लहान, बोलायला गोड, मागणे एवढेसे. आणि पाय उचलला की पृथ्वी गिळणारा. यंत्राला दुसरे कोणते नाव शोभले असते?

"पण मॅडम," तो म्हणाला, "नावातला शेवटचा भाग काही मला पटला नाही. म्हणे परत न आला! आमच्या घरी तो तीनदा आला. पहिले पाऊल कारखान्यासाठी पडले, तेव्हा आजोबांची नदीकडची जमीन गेली. दुसरे पाऊल घरांसाठी पडले, तेव्हा विहिरीची गेली. आता रस्त्यासाठी खुणांचे दगड लागलेत. सातबाऱ्यावर आता फक्त डोके ठेवायला जागा उरली आहे."

जमिनीखालची पेटी

त्याचे हे बोलणे बाहेरच्या वाचकाला नीट कळावे म्हणून या गावाविषयी चार शब्द सांगायला हवेत. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चिखली ही पवना-इंद्रायणीच्या काठची साधी शेतीची गावे होती. १९५४ साली पिंपरीला 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि इथे पेनिसिलिन होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि साठीच्या त्या दशकात या शेतांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे चाकणचे माळ भरले. हजारो घरांना त्यातून भाकरी मिळाली, गावोगावची माणसे इथे येऊन सावरली. माझे वडीलही त्यांतलेच. पण ज्या मातीवर हे उभे राहिले तिच्यावर आधी कोणीतरी ज्वारी पेरीत होते, हेही तितकेच खरे. नारळीकरांच्या कादंबरीत जमिनीखाली एक पेटी सापडते आणि तिच्यात एका बुडालेल्या जगाचे ज्ञान असते. आमच्या विद्यार्थ्याच्या मते पिंपरीच्या प्रत्येक शेडखाली अशी एकेक पेटी पुरलेली आहे. फक्त ती उघडायला कोणी पुराणवस्तुसंशोधक येत नाही.

आजींना हे सारे रुचले असे नाही. "अरे, पण भगवंताने बळीवर कृपाच केली," एवढे त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. अशा वेळी तिसरे कोणी बोलले तर बरे असते. ते बोलले माझ्या शेजारचे केरळी गृहस्थ. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे केरळची पुष्कळ कुटुंबे इथे स्थायिक झाली. हे गृहस्थ चाळीस वर्षे इथे आहेत, मराठी छान बोलतात, पण वाचायला इंग्रजी सोयीचे पडते. म्हणून त्यांनी कादंबरीचे इंग्रजी रूप वाचले होते. 'स्प्रिंगर' या विख्यात प्रकाशनसंस्थेने ते २०१५ मध्ये पुन्हा काढले आहे. आणि गंमत अशी, की त्या इंग्रजी पुस्तकाचे नाव आहे 'द रिटर्न ऑफ वामन', म्हणजे वामनाचे पुनरागमन!

बैठकीत हशा पिकला. मराठीत जो परत आला नाही तो इंग्रजीत आला! एकाच लेखकाचे एकच पुस्तक. पण एका भाषेत नावातच धीर दिला आहे, दुसऱ्या भाषेत नावातच भीती घातली आहे. मी इतकी वर्षे शिकवते आहे. पण दोन नावे अशी शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी त्या दिवशी एका औषध-कारखान्यातल्या निवृत्त माणसाने दिली.

"आणि दोन्ही नावे आमच्या हिशेबाने चूक," ते गृहस्थ हसत म्हणाले. "परत येतो तो वामन नव्हेच. परत येतो बळी. ओणमला. वर्षातून एकदा आपली प्रजा सुखात आहे की नाही ते बघायला. आम्ही फुलांची रांगोळी काढून त्याची वाट बघतो. तुम्ही लोक वामन आला की नाही याची चौकशी करता. आम्ही म्हणतो, बळी आला का?"

अशा वेळी मला मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'ची आठवण होते. १८१८ साली ती कादंबरी लंडनला निघाली तेव्हा तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते. वॉल्टर स्कॉटने तिची वाखाणणी केली, पण ती पर्सी शेलीची समजून. दुसऱ्या एका नियतकालिकाने तिची पार चिंधड्या उडवून टाकली. आणि पुढे वाचकांनी काय केले? फ्रँकेन्स्टाइन हे त्या प्राण्याला घडविणाऱ्या तरुणाचे नाव. लोकांनी ते उचलून त्या प्राण्यालाच देऊन टाकले. लेखिकेने ज्याला नाव दिलेच नव्हते त्याचे बारसे वाचकांनी केले. घडविणारा आणि घडलेला यांत खरा राक्षस कोण, याविषयी वाचकांचे मत त्या घोटाळ्यात दडलेले आहे. वामनाचेही आमच्याकडे तसेच चालले होते.

मनगट

एवढा वेळ दाराजवळ एक बापलेकींची जोडी बसली होती. वडील साठीच्या पुढचे. आय.टी.आय. करून एका मोठ्या कारखान्यात वेल्डर म्हणून लागले. सत्तावीस वर्षे वेल्डशॉपमध्ये ठिणग्यांत काढली. मग एके दिवशी शॉपमध्ये जाळीचे पिंजरे उभे राहिले, पिंजऱ्यांत पिवळे यांत्रिक हात आले, आणि वर्षभरात व्ही.आर.एस.ची नोटीस फलकावर लागली. त्यांनी ती घेतली. मुलीने डिप्लोमा केला आणि ती चाकणला नोकरीला लागली. तिचे काम कोणते? त्या यांत्रिक हातांना वेल्डिंगची वाट शिकविणे. घरात या विषयावर बोलायचे नाही, असा न सांगता पडलेला नियम. दोघे एकाच स्कूटरवर बैठकीला येतात आणि दोन निराळ्या खुर्च्या धरतात.

वडिलांनी कादंबरी तीन रात्रींत वाचली होती. त्यांचे म्हणणे अगदी थोडे होते. "खड्डा खणताना पेटी सापडली. बरं. मग शास्त्रज्ञ आले, पोलीस आले, चोर आले. पण खणणारे कुठे गेले? पहिली कुदळ ज्याची पेटीवर वाजली त्याला नंतर कोणी विचारले का, बाबा तुला काय वाटते? मला तरी तो पुढे भेटला नाही." मग थांबून म्हणाले, "यंत्रमानव वाईट, असे पुस्तकात शेवटी-शेवटी कळते. आम्हाला पहिल्या दिवशीच कळले होते."

मुलीला हे असह्य झाले. "बाबा, त्याला इच्छा नसते," ती म्हणाली. "वामनाला इच्छा आहे म्हणून ती कादंबरी आहे. माझ्या लाइनवरच्या रोबोला काही नको असते. वीज गेली की मान खाली घालून उभा राहतो."

इथे मी मध्ये पडून 'रोबो' या शब्दाचे मूळ सांगितले. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट करायचे सक्तीचे काम. आपल्या भाषेत सांगायचे तर वेठ. तेव्हा रोबो म्हणजे शब्दशः वेठबिगार. १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. त्याला गरम ओतीव भाग उचलण्याचे काम दिले होते. त्याच्या पुढल्याच वर्षी इकडे आपले औद्योगिक महामंडळ स्थापन झाले. हे वेठबिगार आणि आमचे गाव, म्हणजे, बरोबरीच्या वयाचे.

"वेठबिगारच," मुलगी म्हणाली. आणि मग, वडिलांकडे न पाहता, तिने जे सांगितले ते मी जमेल तसे देते आहे.

तिच्या लाइनवर एका पातळ पत्र्याच्या भागाला कोपऱ्याशी सारखे भोक पडत होते. टॉर्चचा कोन बदलून पाहिला, करंट कमी करून पाहिला; कोपरा काही जमेना. एक आठवडा वाया गेला. मग तिला लहानपणचे आठवले. वडील सुटीच्या दिवशी ओळखीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या जोडायला जात. ती काळी काच डोळ्यांपुढे धरून बघत उभी राहायची. कोपरा आला की वडील मनगट किंचित उचलीत आणि हात पटकन पुढे नेत. तेवढेच. तिने तो उचललेला हात आणि तो वेग आकड्यांत बसवला, पेंडंटवर रोबोला शिकवला. भोक पडायचे थांबले. मग तोच प्रोग्रॅम तिने शेजारच्या पाच रोबोंत उतरवला. त्याला काही मिनिटे लागली.

"कादंबरीत वामनाला आपल्यासारखे आणखी हवे असतात," ती म्हणाली. "तिथे वाचताना मी थांबले. माझ्याकडे सहा आहेत. पण ते वामनासारखे नाहीत. ते बाबांसारखे आहेत."

वडील पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एखाद्या सुपरवायझरच्या आवाजात विचारले, "कोपरा नीट येतो?"

"येतो."

"सहाही जणांचा?"

"सहाही."

"मग," ते म्हणाले, "त्या सहांचा पगार कोणाच्या खात्यावर जातो, तेवढे तुझ्या साहेबाला विचार."

लोक हसले. ते हसले नाहीत. पण बैठक संपल्यावर दोघे स्कूटरशी उभे राहून बोलत होते. मुलगी हवेत हाताने कोपरा काढून दाखवीत होती आणि वडील तिचे मनगट धरून, अंमळ वर, असे सुचवीत होते.

दारातला वामन

जुलैच्या बैठकीला दुसरे पुस्तक ठरले होते. पण आजी आल्या त्या पिशवीत भागवताची पोथी घेऊन. महिनाभर त्यांच्या मनात तो विषय घोळत होता. आठव्या स्कंधात बळीची कथा आहे, ती त्यांनी पुन्हा नीट वाचली होती. वामनाने सर्वस्व घेतल्यावर बळीला सुतल लोकात पाठवले, हे सर्वांना माहीत असते. पण त्यापुढे असे आहे की, भगवंत स्वतः त्याच्या दारात गदा घेऊन द्वारपाल म्हणून उभा राहिला.

"म्हणजे बघा," आजी म्हणाल्या, "वामन परत आला नाही हे अगदी बरोबर! तो येईल कसा? तो बळीच्या दारावर पहाऱ्याला आहे. ज्याने घेतले त्यानेच राखले पाहिजे. यंत्राचेही तसेच करा ना तुम्ही. ज्याचे काम घेतले त्याच्या दारात त्याला चाकरीला उभे करा."

आमचा विद्यार्थी रात्रपाळी करून तसाच आला होता. त्याने मन लावून ऐकले. मग विचारले, "आजी, द्वारपाल झाला ते ठीक. पण जमीन परत दिली का?"

आजी प्रामाणिक बाई. त्यांनी पोथीत बोट घालून पुन्हा पाहिले. "ती नाही दिली रे," त्या म्हणाल्या. "पुढच्या एका मन्वंतरात इंद्रपद देईन, असे वचन दिले आहे."

"म्हणजे परताव्याची फाइल अजून चालूच आहे!" तो म्हणाला, आणि या वेळी आजीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

यातले कोणाचे वाचन बरोबर? विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत यांतल्या एकालाही पुरते गुण मिळणार नाहीत. नारळीकरांनी जमीन-संपादनावर लिहिले नव्हते, वेल्डरवर लिहिले नव्हते, सुतल लोकावर तर नाहीच नाही. ज्ञान पचविण्याची तयारी नसताना ते हाती आले तर माणसाचे काय होते, हे त्यांना सांगावयाचे होते, असे मला वाटते. पण लेखकाचा हेतू हा पुस्तकाचा सातबारा नव्हे. चाळीस वर्षांपूर्वीच्या या कादंबरीतले किती खरे ठरले याची मोजदाद आमच्याकडे कोणीच केली नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. विज्ञानकथेला आपण ज्योतिषासारखे वागवतो. भाकीत खरे ठरले तर वाहवा, चुकले तर रद्दी. या वाचकांनी तिला पुराणकथेसारखे वागवले. आपण या गोष्टीत कुठे उभे आहोत, हे त्यांनी आधी पाहिले. मागणारा कोण, देणारा कोण आणि पाय कोणाच्या डोक्यावर, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो टीकाकारांच्या त्या दोन्ही जुन्या प्रश्नांहून जुना आहे. ज्या पुस्तकात माणसांना आपापली भांडणे सापडतात, ते पुस्तक टिकते.

नारळीकरांची एक सवय प्रसिद्ध होती. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर मला विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव; उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेल. आज ते असते तर आमच्या वाचनालयाने एक पोस्टकार्ड नक्की टाकले असते. त्यावर प्रश्न कोणता लिहावा यावरूनही बैठकीत वाद झालाच. शेवटी मुलीने वेल्डर वडिलांचाच प्रश्न लिहावा असे ठरले, कारण तो सर्वांना समजला होता : पहिली कुदळ ज्याची वाजली, त्याचे पुढे काय झाले?

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बळीचा पाडवा तोंडावर आलेला असेल. जमले तर सुटीत ही कादंबरी घरात मोठ्याने वाचा. म्हातारी माणसे, कामावर जाणारी आणि काम सुटलेली, सगळ्यांना बसवून. फराळाच्या ताटांवर वाद झाला तर होऊ द्या. आमच्या वाचनालयातली प्रत सध्या मिळणार नाही. पुढच्या चार महिन्यांसाठी तिच्यावर नावे लागली आहेत.